रुमालाखालचा भाव

आमच्या घराण्यात प्रसिद्ध म्हणावं असं एकच जण होऊन गेलं, आणि ती घोडी होती. तिच्या खालोखाल माझा धाकटा भाऊ, तोही तिच्याच पाठीवर बसून. वडिलांना सारंगखेड्याच्या यात्रेत जुने चार लोक मान देऊन बोलवत, पण त्याला प्रसिद्धी म्हणत नाहीत, ओळख म्हणतात. मीही एकदा आठवडाभर प्रसिद्ध झाले होते. ते सगळ्यांचं सांगून झालंय, माझंच राहिलंय, म्हणून लिहायला बसले.

माझं माहेर तापीच्या काठावर, सारंगखेड्यापासून हाकेच्या अंतरावर. केळी, पपई, ऊस. खाऊनपिऊन सुखी घर. वडिलांना, म्हणजे आमच्या आबांना, घोड्यांचा शौक. व्यसन म्हणा हवं तर, पण पत्त्यांपेक्षा बरं, असं माझी माय म्हणायची. गोठ्याला लागून छोटा तबेला होता आणि त्यात एका वेळी एकच जनावर. दोन ठेवली की एकाचे हाल होतात, हा आबांचा हिशेब. ही घोडी त्याच तबेल्यात जन्मली. तिची आई तिला जन्म देऊन लगेच गेली, तेव्हा आबांनी त्या वछेरीला गायीचं दूध बाटलीने पाजून वाढवलं. ती पंचकल्याणी निघाली, चारी पाय खालून पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा. आबा आले की मान त्यांच्या खांद्यावर टाकून उभी राहायची. दुसऱ्या कोणाला तिने हा मान दिला नाही, मलाही नाही.

अशी घोडी दारात असताना आबा तिच्याबद्दल काय बोलायचे? वाईटच बोलायचे. पाहुण्याने कौतुक केलं की म्हणत, हो, पण जरा हट्टी आहे. किंवा, दिसायला बरी, चालीला साधारण. मग हळूच बाजूला थुंकायचे, नजर लागू नये म्हणून. लहानपणी मला याचं हसू यायचं. चांगली वस्तू झाकून ठेवायची असते, हे त्या पिढीला कोणी शिकवावं लागत नव्हतं. आपल्या घरातल्या गोष्टीचा गावभर गाजावाजा झाला, तर त्याला शब्द होते बोभाटा, डांगोरा, गवगवा. त्यातला एकही शब्द मानाचा नाही. आता त्याच गोष्टीला पब्लिसिटी म्हणतात आणि तिच्यासाठी लोक खिशातले पैसे घालतात.

घोड्याचा सौदासुद्धा तोंडाने होत नसे. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसायचे, हातात हात घ्यायचे आणि वर रुमाल टाकायचे. भाव रुमालाखाली, बोटांनी. कोणतं बोट दाबलं, किती बोटं धरली, त्यावरून आकडा समजायचा. वर तोंडाने मात्र दोघे उसाची तोड आणि पोरांची लग्नं यावर बोलत असायचे. भोवती दहा माणसं उभी असली तरी त्यांना फक्त रुमाल हललेला दिसायचा. सौदा जमला तर रुमाल झटकून खांद्यावर. नाही जमला तरी रुमाल झटकून खांद्यावर. कितीला मोडला हे तिसऱ्याला कळत नसे, त्यामुळे देणाऱ्याला कमीपणा नाही, घेणाऱ्याला लाज नाही, आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी जनावर कोरंच्या कोरं. मी एकदा आबांना विचारलं होतं की यात लपवण्यासारखं काय आहे. ते म्हणाले, "मोल दोन जनासनं राहस. तिसराले समजनं म्हंजे ते मोल नही, तमाशा."

भाऊ माझ्याहून बराच धाकटा. शहाद्याला कॉलेज केलं, पुण्याला जाऊन आला, शेतीत मन लागेना. मग त्याच्या हातात फोन आला आणि फोनमध्ये घोडी. पहिले व्हिडिओ मलाही आवडले, खोटं कशाला बोलू. नदीच्या वाळूत संध्याकाळी धावणारी ती घोडी बघून मी स्वतः आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना फोन दाखवला होता. मी पुरुषोत्तमनगरजवळच्या एका शाळेत शिकवते. नवरा साखर कारखान्यात आहे. स्टाफरूममधल्या सगळ्या बायका म्हणाल्या, किती छान. आपल्या माहेरचं काही छान म्हटलं गेलं की बाईमाणूस फुगतं. मीही फुगले.

पण नव्याचे नऊ दिवस, तसं झालं नाही. उलट वाढतच गेलं. पळणारी घोडी बघून लोकांचं पोट भरलं, म्हणून भावाने तिला ढोलावर पाय उचलायला शिकवणारा माणूस आणला. मग घोडी खाटेवर, घोडी गॉगल घालून, घोडी केक खाताना. रविवारी दारात मोटारसायकली लागायला लागल्या. नाशिकचे, सुरतचे, कुठले कुठले तरुण सेल्फीला यायचे. त्यातल्या एकाने तिला वेफर्सचं अख्खं पुडकं चारलं आणि तिच्या पोटात दुखायला लागलं. तिने आडवं पडू नये म्हणून आबा दुपारभर उन्हात तिला फिरवत राहिले. भावाने तेही शूट केलं. त्यावरून दोघांत वाजलं तेव्हा मी तिथेच होते. भाऊ हिंदीत म्हणाला, "आबा, जो दिखता है, वो बिकता है." आबा म्हणाले, "मंग माले इकानीच नही."

त्यानंतर आबांना झटका आला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आले ते काठी आणि आधार घेऊन. त्यांचं खाणंपिणं भावजय बघायची. ओट्यावरच्या खाटेवरून तबेला दिसतो, तेवढंच त्यांचं जग उरलं. घोडीला रोज फिरवायला हवं, अंग चोळायला हवं, खूर साफ करायला हवेत. भाऊ हे सगळं करायचा, पण फोन समोर लावून. फोन बंद झाला की कामही बंद. मी रविवारी गेले की घोडीच्या खुरांना वास यायचा. आबांना तो वास ओट्यावर बसून यायचा. ते तबेल्याकडे बोट करायचे आणि मी घमेलं-पाणी घेऊन जायचे.

एका रविवारी त्यांनी मला जवळ बसवलं. एकेक शब्द जुळवत म्हणाले, "ह्या यात्रामा तिले चांगला घर दी टाकू. मन्हा डोया उघडा शेत तवलोंग." डोळे मिटायच्या आत, म्हणजे. घरही ठरलं होतं त्यांच्या मनात. तापीपलीकडे, गुजरातच्या हद्दीत निझरच्या बाजूला एक म्हातारा राहायचा, त्यांच्याच वयाचा. या घोडीचा थोरला भाऊ पूर्वी त्यानेच नेला होता. आबा न सांगता एकदा त्याच्या गावी जाऊन तो घोडा बघून आले होते. खूर स्वच्छ, अंग चकाकतं, पाण्याची कुंडी धुतलेली. तिथे घोडं नाचवत नाहीत, असं ते मला दोनदा म्हणाले. माझ्या लग्नाच्या वेळी तुम्ही इतकी चौकशी केली नव्हती, असं मी म्हटलं. ते हसले, अर्ध्या तोंडाने.

म्हाताऱ्याला निरोप गेला. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी यात्रेत येतो, असा त्याचा उलट निरोप आला. भावाला सांगितलं तेव्हा तो आधी रुसला, मग कबूल झाला. जायचीच आहे तर जाऊ दे, पण एकदा यात्रेत तिचं नाव होऊ दे, म्हणाला. त्याचा हेतू वाईट नव्हता. हे मला आजही ज्याला त्याला सांगावं लागतं. हेतू चांगला असलेल्यांनी केलेलं वाटोळं मोजायला बसलं तर वाईट हेतूवाले बिचारे फार मागे राहतील.

यात्रेत आमची राहुटी दरवर्षीच्याच जागी लागली. आबांना खाटेसकट ट्रॅक्टरमधून आणलं. त्यांनी सांगितलं म्हणून मी घोडीपुढे जुन्या चादरीचा पडदा बांधला. भावाने तो सकाळीच सोडला. दुपारी मी मागे भाकरी थापत होते, तेव्हा माइकवाला एक जण आला, कुठल्यातरी चॅनेलचा. यात्रेत नावाजलेल्या प्रत्येक घोड्याला एक आकडा असतो. घोडा कोणाचा, वय काय, आणि मागणी किती आली, हे तीन प्रश्न ठरलेले. तिसऱ्या प्रश्नाला भाऊ म्हणाला, "एक कोटीची मागणी होती. आम्ही दिली नाही. घोडी आमच्या घरची लक्ष्मी आहे." अगदी शाळेच्या मराठीत. आमच्याकडे शाळेची मराठी दोनच कामांना लागते, अर्ज लिहायला आणि थापा मारायला. मी स्वतः ती शिकवते, म्हणून सांगते.

भाकरी तव्यावर करपली. मी बाहेर येईपर्यंत माइकवाला पुढच्या राहुटीत गेला होता.

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण ती जीभ आता एका माणसाची नसते. चहा उतू जावा तसा तो आकडा राहुटीबाहेर गेला. दिवस मावळेपर्यंत आमच्यापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. कोटीची घोडी कोणती, कोटीची घोडी कुठे. बाया लेकरांना उचलून दाखवत होत्या. बंदोबस्ताच्या हवालदाराने आधी गर्दी हटवली आणि मग स्वतःचा फोटो काढून घेतला. एक पुढारी गूळ चारायला आला. त्याच्या फोटोवाल्याला उजेड चुकीच्या बाजूने वाटला, म्हणून घोडीला वळवून उभं करून पुन्हा गूळ चारला गेला. घोडीचे डोळे मोठे झाले होते आणि कान मागे. ती मान वळवून खाटेकडे बघत होती. मध्ये माणसंच माणसं होती, तिला आबा दिसत नव्हते.

गर्दी ओसरल्यावर आबांनी भावाला बोलावलं. कोणी मागितली कोटीला, असं विचारलं. भाऊ खाली बघत म्हणाला, "कोनी नही, आबा. बोलनं पडस." आबांनी मला पडदा परत बांधायला सांगितलं. मी बांधला.

दुसऱ्या दिवशी म्हातारा आला. पांढरं धोतर, खांद्यावर पिवळा पडत चाललेला मोठा रुमाल. त्याने आधी आबांच्या लुळ्या हातावर हात ठेवला, मग चहा घेतला, मग घोडीजवळ गेला. चारी पाय उचलून बघितले, पोटाखालून हात फिरवला, दात बघितले. घोडीने त्याला करू दिलं. मला वाटलं, झालं, सुटली पोर. तो परत येऊन खाटेच्या कडेवर बसला, खांद्यावरचा रुमाल काढून त्याने मांडीवर घेतला. तोवर बाहेर पुन्हा लोक जमले होते. कोटीच्या घोडीला गिऱ्हाईक आलंय, ही बातमी कोणी दिली ते मला अजून कळलेलं नाही. सगळ्यांचे फोन वर. कोणीतरी ओरडून विचारलं, बाबा, कोटीच्या वर किती देता?

म्हाताऱ्याने रुमालाची घडी केली. चार पदरी, नीट. ती परत खांद्यावर टाकली आणि आबांना म्हणाला, "मन्हा रुमालखाले कोटी मावत नही, भाऊ."

आबा उठून बसायला धडपडले. मी त्यांना पाठीमागून धरलं. तोंडातून शब्द निघेना, मग निघाला, जड पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "खोटं शे. कोनीच मांगं नही." एवढं बोलताना त्यांना घाम फुटला. आयुष्यभर या माणसाने आपल्या जनावराबद्दल चारचौघांत चांगलं म्हटलं नव्हतं. आणि आज पोटच्या पोराला चारचौघांत खोटं पाडायची वेळ आली, तर तेही त्याने केलं.

भाऊ हसला. ते हसू मला झोपेतही दिसतं. तो लोकांकडे बघून म्हणाला, "आबांना झटका आलेला आहे. त्यांच्या ध्यानात राहत नाही."

माझं डोकं फिरलं. मी गर्दीकडे तोंड करून म्हणाले की आबांच्या सगळं ध्यानात आहे, कोटी हा शब्द काल दुपारी या पोराने तोंडातून काढला, त्याआधी तो आमच्या घरात कोणी उच्चारलाही नव्हता, आणि तुम्ही सगळे फोन खाली करा. एकही फोन खाली झाला नाही. उलट मागचे पुढे आले. म्हातारा घरच्या भांडणात सापडल्यासारखा अवघडून उठला, आबांना रामराम केला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला. आबा त्याच्या रुमालाकडे बघत राहिले, दिसत होता तोपर्यंत.

घोडी गेली तशीच, न विकता, यात्रेतून परत घरी आली. आणि मी प्रसिद्ध झाले.

कोटीच्या घोडीवरून बहीण-भावात जुंपली, असं गर्दीतल्या कोणीतरी टाकलेल्या व्हिडिओच्या वर लिहिलेलं होतं. माझं तोंड उघडं असताना चित्र थांबवलेलं. खाली हजारो लोकांनी आपली मतं दिली होती. खरं बोललीस, असं म्हणणारे बोटावर मोजण्याएवढे. बाकीच्यांना सगळं स्वच्छ कळलं होतं: बहिणीला कोटीत हिस्सा पाहिजे. लग्न झालेल्या बहिणी अशाच असतात. एकाने मला हक्कसोड पत्रावर सही करून माहेरची चोळी-बांगडी टिकवण्याचा सल्ला दिला होता. मी खोटं उघडं पाडायला गेले आणि त्या खोट्याचीच जाहिरात करून आले. शाळेत शिपाईसुद्धा म्हणाला, मॅडम, पेढे कधी? माझ्या सासूबाई भल्या बाई, कधी माझ्या माहेरच्या भानगडीत पडल्या नाहीत. त्यांनी भाजी निवडता निवडता हळूच विचारलं की खरंच नाही ना गं कोटीची? मी पातेलं आपटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं.

आणि भावाचा फोन आला. मला वाटलं, माफी मागेल. त्याच्या आवाजात कौतुक होतं. "ताई, तुन्हा व्हिडिओ बठासपेक्षा जास्त चालना." सगळ्यांत जास्त चालला म्हणे. मी फोन ठेवून दिला. नवरा म्हणाला, जाऊ दे, आता काही दिवस फोन उघडू नकोस. जणू पाऊस होता तो, थांबेपर्यंत आडोशाला उभं राहायचं.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. शाळेला सुट्टी लागल्यावर मी बस बदलत बदलत त्या म्हाताऱ्याच्या गावी गेले. त्याला सांगितलं की आकडा खोटा होता, आबांना तुमच्याशिवाय कोणाला घोडी द्यायची नाही, तुम्ही द्याल तो भाव. त्याने ऐकून घेतलं. घोडा दाखवला, तो खरंच चकाकत होता. मग म्हणाला, "बेटा, खोटं शे हाई माले त्याच दिन समजनं व्हतं. पन आते मी मन्हा मोल दिधं ते लोके तुन्हा बापले हसतीन." कोटीची घोडी इतक्यातितक्याला फुंकली, काहीतरी खोड असणार, किंवा म्हातारा भ्रमिष्ट झाला आणि लुबाडला गेला, असं म्हणतील. त्याने झाकून नेली असती तरी गावागावात तिचा चेहरा माहीत होता. त्याच्या दारात सेल्फीवाले आले असते. त्याचं काही चुकत नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला. उठताना मला वाटीभर शेंगदाणे बांधून दिले, रिकाम्या हाताने लेकीला पाठवू नये म्हणून.

त्यानंतर घोडीला एकही गिऱ्हाईक आलं नाही. साधे लोक विचारायला धजत नव्हते. मोठे लोक यायचे, फोटो काढून जायचे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मग भावाने तिला भाड्याने न्यायला सुरुवात केली. दुकानाचं उद्घाटन, कुणाचा वाढदिवस, वरात. पिकअपमध्ये उभी करून शहादा, नंदुरबार, नवापूर. कोटीची घोडी आली की गर्दी हमखास. डीजेच्या भिंतीसमोर तिला पाय उचलायला लावायचे. ती परत यायची तेव्हा ओट्यापाशी आल्यावर थांबायची. भाऊ लगाम ओढायचा तरी हलायची नाही. आबा चांगला हात पुढे करायचे, तो तिच्या नाकापर्यंत पोहोचायचा नाही. भावजय मग बिचारी खाट थोडी पुढे सरकवायची.

विसरवाडीला हायवेवर एका नव्या ढाब्याचं उद्घाटन होतं. मी तिथे नव्हते. मी जे सांगते ते मी बघितलंय, कारण ते सगळ्यांनीच बघितलं. फटाक्यांची लांब माळ लावली, ती तिच्या पायांपर्यंत आली. लगाम सुटला. ती रस्त्यावर गेली आणि समोरून ट्रक आला. ट्रकवाल्याचा दोष नाही, त्याने वळवून बघितलं. घोडी रस्त्याच्या कडेला पडली, पुढचे दोन्ही पाय मोडले. गुरांचा डॉक्टर येईपर्यंत ती जिवंत होती, डोळे उघडे होते. भाऊ ढाब्यामागे उलट्या करत होता, हे मला त्याच्या सोबत्याने सांगितलं. त्यावर माझा विश्वास आहे.

आबांना सांगायचं काम माझ्यावर आलं. मी पोहोचले तेव्हा ते तबेल्याकडे बघत बसले होते, रिकाम्या. मी सांगितलं. त्यांनी विचारलं की तिथे कोणी होतं का तिच्याजवळ. मी म्हणाले, हो, गर्दी होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कोनी तिना डोकावर हात ठेवा का?"

तो व्हिडिओ मी तीनचार जणांनी काढलेला, तीनचार बाजूंनी बघितला होता. हात पुष्कळ होते. सगळे वर होते.

"हां आबा, ठेवा," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स लागला. कोटीच्या घोडीला भावपूर्ण श्रद्धांजली. मध्ये हार घातलेली घोडी, कोपऱ्यात हात जोडलेला माझा भाऊ, खाली शोकाकुल म्हणून पंधरावीस पोरांचे चेहरे, एकानेही तिला कधी पाणी पाजलं नसेल. भाऊ खरंच रडला होता, डोळे सुजले होते. पण रडूनही त्याला दुसरं काही सुचलं नाही. दुःख झालं की ते चौकात लावायचं, एवढंच त्याला येत होतं. मी त्याच्याशी भांडले नाही. भांडले असते तर कोणीतरी फोन काढला असता.

त्या आठवड्यात निझरचा म्हातारा आला. माणूस गेल्यावर भेटायला येतात तसा, सकाळी, चपला लांब काढून. ओट्यावर आबांच्या शेजारी बसला. चहा नको म्हणाला. दोघे बराच वेळ तबेल्याकडे बघत होते. मग त्याने खांद्यावरचा रुमाल काढला, आबांचा चांगला हात आपल्या हातात घेतला आणि वर रुमाल पसरला.

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी दारातच खिळले. भाऊ आतून आला, त्याने बघितलं, आणि त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला. मी त्याच्या आणि खाटेच्या मध्ये जाऊन उभी राहिले. त्याला कोपरानेच मागे ढकललं.

माझ्या पाठीमागे म्हातारा आबांना या वर्षी तापीला पाणी बरं आहे असं सांगत होता. मी वळून बघितलं. रुमाल हलत होता. आबांनी मान नकारार्थी हलवली. रुमाल पुन्हा हलला. आबा थांबले, विचार केला, तिच्या चारी पायांचा आणि कपाळाच्या पट्ट्याचा विचार करत असतील, आणि मग त्यांनी मान होकारार्थी हलवली. म्हाताऱ्याने रुमाल झटकला, खांद्यावर टाकला आणि रामराम करून पायऱ्या उतरला. आबांच्या गालावरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

संध्याकाळी भावाने त्यांना विचारलं की किती म्हणाला तो. आबांनी पाणी मागितलं. मग तो मागच्या दारी माझ्याकडे आला, मी भांडी घासत होते. म्हणाला, "ताई, तू ते जोडेच उभी व्हती. कितलाले गयी?"

"माले दिसनं नही," मी म्हणाले. "वर रुमाल व्हता."